भिंगावरचे दव



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार-चळवळीतला माणूस उभा राहिला की तो पगार, महागाई आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी आज दवावर बोलणार आहे. शेतातल्या दवावर नव्हे, तर आकाशातील तेजोमेघांची व दीर्घिकांची छायाचित्रे घेणाऱ्या दुर्बिणीच्या भिंगावर रात्री जे दव साठते त्याच्यावर. विषय चिमुकला आहे, हे मला ठाऊक आहे. पण दोनशे-सव्वादोनशे वर्षांचा हा इतिहास चाळत गेलो तेव्हा त्यात मला बुद्धीचे काम आणि हाताचे काम यांची अशी काही गुंफण दिसली की, ती आपल्यापुढे मांडावी असे वाटले.

माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. या विषयाकडे मी आलो तो विणकाम खात्याच्या दारातून. हवा कोरडी झाली की मागावरचे सूत तुटते, म्हणून मालक खात्यात वाफ सोडतो. वाफ फार झाली की कामगाराचा जीव घुसमटतो. लँकेशायरच्या विणकऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटने सुती कापडाच्या कारखान्यांतील दमटपणाला कायद्याने मर्यादा घातली. ती मोजायची कशी? दोन तापमापक शेजारी शेजारी टांगायचे. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओले फडके. दोघांच्या आकड्यांतला फरक हवेचा दमटपणा सांगतो. युनियनच्या कामात या जोडगोळीशी माझा परिचय झाला, आणि पुढे वाचनात आले की हीच जोडगोळी वेधशाळेतही टांगलेली असे, आणि दुर्बीण आज उघडी ठेवायची की झाकायची हे तिच्याकडे पाहून ठरे. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मागे लागला.

प्रथम अडचण काय आहे ते सांगतो. चंद्राचे छायाचित्र क्षणात निघते. देवयानी दीर्घिकेचे तसे नाही. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे २५ लक्ष वर्षे लागतात, आणि तो पोहोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की तासन् तास थेंबाथेंबाने साठवावा लागतो. तेवढा वेळ दुर्बीण आकाशाकडे तोंड करून उघडी राहते. मध्यरात्र उलटते, हवा निवते आणि भिंगावर बाष्पाचा एक पातळसा थर येतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. छायाचित्रात मात्र मंद तारे एकेक करून नाहीसे होतात, ठळक ताऱ्यांभोवती खळे पडते, आकाशाचा काळा रंग करडा होतो आणि दीर्घिकेचे बाहू त्या करडेपणात विरघळून जातात. काचेवर साठलेले ग्रामभर पाणीसुद्धा रात्रभराची मेहनत मातीमोल करायला पुरेसे होते.

हे दव येते कोठून? ते आकाशातून पडते, ही समजूत फार जुनी. आपली भाषासुद्धा 'दहिवर पडले' असेच म्हणते. अठराव्या शतकात काही विद्वानांनी उलट पक्ष घेतला की, दव जमिनीतून वर चढते. या वादाचा निकाल लावला तो लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील एका वैद्याने. त्याचे नाव विल्यम चार्ल्स वेल्स. जन्म १७५७ साली अमेरिकेतील चार्ल्सटन गावी. दवाविषयीचा त्याचा निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला आणि रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक देऊन गौरविले. १८१७ साली तो वारला.

वेल्सची साधने पाहिली तर हसू येईल इतकी साधी होती. लोकरीचे पुंजके, एक तराजू, काही तापमापक आणि रात्री जागण्याची तयारी. दहा दहा ग्रेन लोकर तोलून तो रात्री बागेत निरनिराळ्या ठिकाणी ठेवी आणि प्रत्येक पुंजक्याने किती पाणी धरले ते पुन्हा तोलून पाही. एकदा त्याने चार खुंटांवर एक फळी आडवी ठेवली. एक पुंजका फळीच्या वर ठेवला, दुसरा फळीच्या खालच्या अंगाला लावला. वरच्याचे वजन १४ ग्रेनने वाढले, खालच्याचे अवघे ४ ग्रेनने. दव जमिनीतून वर चढत असते, तर खालचा पुंजका जास्त भिजायला हवा होता. बरे, ते पावसासारखे वरून पडते म्हणावे, तर फळीआडच्या पुंजक्याला ४ ग्रेन पाणी कोठून मिळाले?

तापमापकांनी उत्तर दिले. गवत, लोकर, काच अशा वस्तू निरभ्र रात्री भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात, आणि त्या आधी थंड होतात, दव मागाहून येते. उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. डोक्यावर ढग, झाड किंवा छप्पर असले तर त्यांच्याकडून काही उष्णता परत मिळते. निरभ्र आकाशाकडून परतफेड फार थोडी. जमेपेक्षा खर्च जास्त झाला की दुकानाचे जे होते, तेच या वस्तूचे होते. ती निवत जाते. निवता निवता ती अशा तापमानाला येते की तिला लागून असलेल्या हवेला आपले बाष्प धरून ठेवता येत नाही. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. हवा २० अंश सेल्सियस असून सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १४ अंशांवर येतो. आर्द्रता ९० टक्के झाली तर तो सुमारे १८ वर चढतो. म्हणजे पहिल्या रात्री काच हवेपेक्षा सहा अंशांनी निवावी लागते. दुसऱ्या रात्री दोन अंश पुरतात. तेव्हा दव पडत नाही आणि चढतही नाही. ते जागच्या जागी जमते, आणि जमते ते आकाशाकडे उघडे तोंड करून बसलेल्या वस्तूवर. दुर्बिणीचे भिंग हे तर आकाशाकडे तोंड करून बसण्यासाठीच घडवलेले असते!

या निबंधातला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. माळी लोक रात्री कोवळ्या रोपांवर पातळशी चटई पसरतात. एवढ्याशा चटईने थंडी काय अडणार, असे म्हणून आपण पूर्वी त्यांना हसत असू आणि ते हसणे अर्धवट ज्ञानाच्या ताठ्यातले होते, असे वेल्सने स्वतःच लिहून ठेवले आहे. चटई हवेला अडवत नाही. ती रोपाला आकाशाच्या दृष्टीआड करते, आणि तेवढ्याने रोपाची ऊब वाचते. माळ्याला किरणोत्सर्जनाचा नियम ठाऊक नव्हता. चटई कोठे, कधी आणि किती उंचीवर पसरायची, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.

दुसरा दाखला तर आपल्याच देशातला आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजाने १७७५ साली रॉयल सोसायटीच्या ग्रंथात अलाहाबादेकडील बर्फ करण्याच्या रीतीचे वर्णन छापले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाच्या चिपाडांचा किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा वीतभर थर द्यायचा, त्यावर ओळीने उथळ मातीची भांडी मांडायची आणि तिन्हीसांजेला त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या शांत, निरभ्र रात्री सूर्योदयापूर्वी त्यावर बर्फ धरे. वारा सुटला किंवा ढग आले की धंदा बुडाला. वेल्सने हा प्रकारही आपल्या निबंधात तपासला आणि दाखवून दिले की येथेही आकाशाकडे जाणारी उष्णता हेच मुख्य कारण आहे. खालची चिपाडे जमिनीची ऊब अडवतात, वरचे आकाश पाण्याची ऊब ओढते. भल्या पहाटे ती भांडी उचलणाऱ्या मजुरांपैकी एकाचेही नाव इतिहासात नाही. त्यांचे काम मात्र विज्ञानाच्या पुराव्यात दाखल झाले.

आता दुर्बिणीकडे वळू. वेल्सच्या निबंधाच्या तीसएक वर्षे आधी इंग्लंडात विल्यम हर्शेल आणि त्याची बहीण कॅरोलिन आकाशाची झाडाझडती घेत होती. १७८३ ते १८०२ या काळात हर्शेलने सुमारे अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छ नोंदले. तो दुर्बिणीशी उभा राहून सांगे, ती दिव्याशी बसून लिहून घेई. एका हिवाळी रात्री दौतीतली शाई गोठली आणि थंडीने दुर्बिणीतला आरसाच तडकून दुभंगला, अशी नोंद आहे. हे आरसे काचेचे नव्हते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे होते. दमट हवेत ते काळवंडत, आणि काळवंडलेला आरसा पुन्हा घासून पुसून तयार करावा लागे. म्हणून हर्शेल एका दुर्बिणीसाठी दोन आरसे बाळगी. एक कामावर, दुसरा घासणीला. त्याच्या १७८९ सालच्या प्रचंड दुर्बिणीचा आरसा चार फूट व्यासाचा होता. तो घासायला प्रथम माणसांची टोळी लावावी लागली, मागाहून त्यासाठी यंत्र बनवले गेले. आकाराने सर्वांत मोठी ठरलेली ही दुर्बीण कामाला फारशी आली नाही, त्याला आरशाचे हे काळवंडणे बऱ्याच अंशी कारण झाले.

हर्शेलच्या अनुभवात एक चमत्कारिक गोष्टही आली. ज्या रात्री दुर्बिणीच्या नळीवरून पाणी ओघळत असे, अशा काही रात्री तारे अत्यंत रेखीव दिसत. कारण उघड आहे. दव जमायला हवा स्थिर लागते, आणि तारा स्थिर दिसायलाही हवा स्थिरच लागते. उत्तम रात्र आणि दवाची रात्र या बहुधा एकच असतात. म्हणून दवाला भिऊन घरी बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

डोळ्याने पाहणाऱ्याला या शत्रूशी तडजोड करता येई. थोडे थांबावे, भिंग सुकवावे, पुन्हा पाहावे. छायाचित्रण आले आणि ही सवलत संपली. आरंभीच्या ओल्या काचपट्ट्या दहा-पंधरा मिनिटांत वाळून निकामी होत, त्यामुळे लांब प्रकाशनाचा प्रश्नच नव्हता. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली आणि दहा वर्षांच्या आत आकाश बदलले. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपरने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले; त्याला सुमारे ५० मिनिटे लागली. १८८३ साली इंग्लंडात अँड्र्यू कॉमन याने घराच्या बागेतल्या ३६ इंची आरशाने त्याच तेजोमेघाचे असे चित्र घेतले की, डोळ्याला कधीही न दिसलेले तारे त्यात उमटले. कॉमन हा व्यवसायाने सांडपाण्याच्या व्यवस्थेचा इंजिनियर. पुढे डिसेंबर १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्सने सुमारे चार तासांच्या प्रकाशनाने देवयानीचे चित्र घेतले आणि तिचे सर्पिल रूप जगाला प्रथम दिसले. रॉबर्ट्सने आयुष्याची सुरुवात बांधकामावरचा उमेदवार म्हणून केली होती.

चार तास! तेवढा वेळ एका माणसाने नेत्रिकेला डोळा लावून मार्गदर्शक तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवायचा. मधेच भिंग पुसायचे म्हटले तर दुर्बीण हलते. आणि चांदीचा मुलामा दिलेल्या आरशावर ओले फडके फिरवणे म्हणजे मुलामाच खरवडणे. शिवाय तिसऱ्या तासाला दव जमले, हे कळायचे ते पट्टी अंधाऱ्या खोलीत धुतल्यावर. म्हणून इलाज आधीच करून ठेवावा लागे.

इलाज दोनच आहेत, आणि दोन्ही वेल्सच्या निबंधातून सरळ निघतात. पहिला माळ्याच्या चटईचा. भिंगाच्या पुढे एक नळी काढायची, भिंगाच्या व्यासाच्या दीड ते दोनपट लांब, जमल्यास त्याहून अधिक. तिच्यामुळे भिंगाला हवे तेवढेच आकाश दिसते, बाकीचे नळीआड जाते, आणि भिंग हळू निवते. इंग्रजीत हिला ड्यू-कॅप म्हणतात; आपण दवटोपी म्हणू. मोठ्या आरशांच्या दुर्बिणीत आरसा नळीच्या तळाशी असतो, म्हणजे त्याची दवटोपी त्याला जन्मतःच मिळालेली असते. दुसरा इलाज उबेचा. काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहील एवढीच ऊब तिला द्यायची. याहून जास्त दिली तर काचेवरून गरम हवेच्या लहरी उठतात आणि तारे उन्हातल्या डांबरी रस्त्यासारखे लवलवतात. औषधच रोग होऊन बसते.

दवटोपी पुरत नाही अशी एक दुर्बीण १९३० साली जन्मली. बर्नहार्ड श्मिट हा एस्टोनियाच्या एका बेटावर वाढलेला भिंगकारागीर. लहानपणी दारूच्या स्फोटात त्याचा उजवा हात गेला. उरलेल्या एका हाताने तो जगातली उत्कृष्ट भिंगे घासत असे. हँबुर्गच्या वेधशाळेत त्याने असा कॅमेरा केला की आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच चित्रात रेखीव यावा. त्यासाठी नळीच्या अगदी तोंडाशी एक पातळ काच बसवावी लागली. पालोमार पर्वतावर १९४८ साली उभारलेल्या ४८ इंची श्मिट कॅमेऱ्याने १९४९ ते १९५८ या काळात उत्तर आकाशाचा प्रसिद्ध नकाशा टिपला. पुढे १९७० पासून कॅलिफोर्नियाच्या सेलेस्ट्रॉन कंपनीने श्मिटच्या कल्पनेवर बेतलेल्या आखूड दुर्बिणी मोठ्या प्रमाणावर विकल्या आणि त्या जगभरच्या हौशी लोकांच्या अंगणात पोहोचल्या. तोंडाशी पातळ काच, आणि तीही उघड्यावर! दवाला याहून चांगला पाट कोण मांडून देणार?

मोठ्या वेधशाळांत एक माणूस असतो, त्याला रात्रीचा मदतनीस म्हणतात. घुमट फिरवणे, दुर्बीण वळवणे आणि हवा दमट झाली की घुमट बंद करणे ही त्याची कामे. शास्त्रज्ञ चित्राकडे पाहतो, मदतनीस काचेला सांभाळतो. अमेरिकेतील माउंट विल्सनवर मिल्टन ह्यूमसन हा खेचरांवरून सामान वाहून नेई. त्याने शाळा लहानपणीच सोडली होती. तो वेधशाळेत झाडलोट करणारा झाला, मग रात्रीचा मदतनीस, मग स्वतः वेध घेणारा. दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट मिळवण्यासाठी तो कित्येकदा एकाच पट्टीवर अनेक रात्री प्रकाश साठवी. विश्व प्रसरण पावते आहे हे हबलचे नाव घेऊन आपण सांगतो. त्या कामातले कितीतरी वर्णपट ह्यूमसनच्या जागरणाचे आहेत.

काचपट्टीचा काळही आता सरला. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी नावाची सिलिकॉनची चकती शोधली. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या चकतीने आणि तिच्या भावंडांनी काचपट्टी हटवली, पण दवाला नवे घरही दिले. चकती उबदार असली तर ताऱ्याच्या प्रकाशाशिवायही खोटे ठिपके दाखवते, म्हणून हौशी कॅमेऱ्यांतही ती शून्याखाली १० ते २० अंशांपर्यंत निववतात. इतक्या थंड वस्तूवर दव काय, हिमच धरते. म्हणून ती बंद कुपीत ठेवतात. कुपीत कोरडा वायू किंवा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या असतात, आणि समोरच्या काचेला किंचित ऊब दिलेली असते.

दव बाहेरच्या भिंगावर आहे की आतल्या चकतीवर, हे चित्र पाहून ओळखता येते. भिंगावरचे दव सगळ्या चित्रालाच मळवते आणि ताऱ्यांना खळी पाडते. चकतीवरचे हिम ठरलेल्या जागी डाग किंवा स्फटिकाची नक्षी काढते, आणि दुर्बीण कोठेही वळवली तरी नक्षी हलत नाही. आज चार तासांचे एक चित्र कोणी घेत नाही. काही मिनिटांची शेकडो चित्रे घेऊन गणकयंत्रावर ती एकत्र करतात. यात मोठी सोय आहे. रात्रीचे पहिले चित्र आणि शेवटचे चित्र शेजारी ठेवावे. मंद तारे घटले असतील आणि खळी वाढली असतील, तर दव केव्हा आले ते नेमके कळते, आणि त्यापुढची चित्रे बाजूला काढता येतात. भिंगावरची धूळ आणि सावल्या घालवण्याची एक रीत आहे, पांढऱ्या समान प्रकाशाचे चित्र घेऊन त्याने भागायचे. दवाला ती लागू पडत नाही. धूळ रात्रभर तशीच राहते, दव क्षणोक्षणी वाढते. आणि जो प्रकाश त्याने विखरून टाकला तो भागाकाराने परत येत नाही.

पुण्यात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे मृगातल्या त्याच तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची साधने कोडाइकॅनॉलला गेली. पण आकाश पाहण्याची हौस गेली नाही. १९४४ साली पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आज हिवाळ्यात शहराच्या दिव्यांपासून दूर डोंगरात मुक्काम करणारी तरुण मुले-मुली आपण पाहतो. त्यांच्या दुर्बिणीच्या गळ्याशी एक काळा पट्टा गुंडाळलेला असतो. त्याच्या आत विजेने तापणारी तार असते आणि ती बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. काळा पुठ्ठा गुंडाळून केलेली दवटोपीही असते. वेल्सच्या निबंधातला सगळा शहाणपणा त्या पट्ट्यात आणि पुठ्ठ्यात आहे.

त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. पट्टा दव जमण्याआधी सुरू करावा. जमलेले दव हटवायला कितीतरी जास्त वीज जाते. भिंग पुसू नये. सौम्य गरम हवेने सुकू द्यावे. पहाटे थंड दुर्बीण उबदार घरात आणायची ती झाकण लावून, पेटीत बंद करून आणि घरातल्या हवेइतकी झाल्यावरच उघडायची. नाहीतर रात्रभर टाळलेले दव घरात येऊन जमते. आणि पावसाळ्यात भिंगे कोरडी ठेवावीत, कारण आपल्याकडच्या ओलीत काचेवर बुरशी धरते आणि ती काच खाते.

श्रोतेहो, आकाशाचे एखादे सुंदर चित्र मासिकात छापून येते तेव्हा खाली एक नाव असते. ते असावेच. पण त्या चित्रात काच कोरडी ठेवणाऱ्यांची एक लांबलचक रांग उभी आहे: चटई पसरणारे माळी, प्रयागच्या मैदानात पहाटे भांडी उचलणारे मजूर, हर्शेलचा आरसा घासणारे कामगार, घुमट बंद करणारे रात्रीचे मदतनीस. यांतल्या पहिल्यांकडे वेल्ससारख्या विद्वानाने तुच्छतेने पाहणे सोडले, त्या क्षणी दवाचे कोडे सुटले. हाताने काम करणाऱ्याला काय ठाऊक आहे हे विचारण्याची सवय विद्येला लागली, आणि आपल्या हातातल्या कामाचे कारण विचारण्याची सवय कामगाराला लागली, तर आणखी पुष्कळ कोडी सुटतील, असे मला वाटते.